गारपिटीनंतर लगेच कुऱ्हाड उचलू नका

वाचकाचं पत्र:

"शनिवारी संध्याकाळी वीस मिनिटं गारा पडल्या, लिंबाएवढ्या. अडीच एकरात संत्र्याची २७० झाडं आहेत, आठ वर्षांची. १५० झाडांवर मृगाचा (पावसाळी बहाराचा) माल तोडणीला आला होता, बाकीच्या १२० वर आंबिया (हिवाळ्याअखेरचा बहार) फुलला होता. आता खाली फळांचा आणि पानांचा सडा पडलाय, पश्चिमेकडची बाजू तर नुसत्या काड्या. मालाचा सौदा झाडावरच झाला होता, पण व्यापारी फोन उचलत नाही. मामाजी म्हणतात, झाडं अर्ध्यावर छाटून टाकू, नाहीतर उपटून पऱ्हाटी (कपाशी) लावू. कृषी केंद्रवाल्याने सहा औषधांची चिठ्ठी दिली. माझे मिस्टर बुटीबोरीला कंपनीत आहेत, रविवारीच घरी असतात. विमा कंपनीला दुसऱ्याच दिवशी फोन करून नोंद केली. आता सगळ्यात आधी कशाला हात घालू?"
— एक वाचक, काटोल तालुका

ताई, सगळ्यात आधीचं काम तुम्ही केलेलं आहे. गारपिटीनंतर ७२ तासांत विमा कंपनीला कळवलं नाही तर पुढचं सगळं अडतं, आणि नेमकं तेच धावपळीत राहून जातं. फळपीक विम्याचे दोन भाग असतात. पाऊस, तापमान यांचं नुकसान महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवरून ठरतं, त्यासाठी काही कळवावं लागत नाही. गारपिटीचं संरक्षण मात्र वेगळं असतं, त्याचा हप्ता वेगळा भरावा लागतो आणि त्यात प्रत्येकाच्या बगीच्याची पाहणी होते. म्हणून तुमची पावती काढून गारपिटीचा हप्ता भरल्याचं त्यावर दिसतंय का, हे आजच बघा. फोनवर मिळालेला तक्रार क्रमांक त्याच पावतीवर लिहून ठेवा. शेजाऱ्यांपैकी कोणी अजून कळवलं नसेल आणि ७२ तास उलटले नसतील, तर १४४४७ या क्रमांकावर गट नंबर सांगून नोंद करता येते.

सरकारी पंचनामा ही वेगळी गोष्ट. विम्याचा माणूस येऊन गेला म्हणून तलाठी आणि कृषी सहायकांकडे अर्ज करायचं थांबवू नका, आणि पंचनामा झाला म्हणून विमा सोडू नका. अर्ज दोन प्रतींत द्या, एका प्रतीवर पोच घ्या. नुकसान ३३ टक्क्यांच्या वर असेल तरच मदत मिळते, त्यामुळे पंचनाम्यात टक्केवारी काय लिहिली ते सही करण्याआधी वाचा. सातबाऱ्यावर, म्हणजे ई-पीक पाहणीत, संत्रा लागलेला आहे ना तेही तपासा. तिथे पेरा कोरा असेल तर पंचनामा होऊनही पैसे अडकतात. मदत किती, तर केंद्राच्या २०२२ ते २०२६ साठीच्या निकषांत बहुवार्षिक फळपिकाला हेक्टरी २२,५०० रुपये होते, दोन हेक्टरांपर्यंत. राज्य सरकार कधीकधी त्यात भर घालतं. तुमचा बगीचा साधारण एक हेक्टर, म्हणजे त्या दराने झाडामागे ८३ रुपये पडतात. एवढ्यात फवारणीसुद्धा पुरती निघत नाही, म्हणून बगीचा सावरायचं काम या पैशांच्या वाटेकडे डोळे लावून थांबवू नका. यादीत नाव आल्यावर विशिष्ट क्रमांक मिळाला, तर तो घेऊन सेवा केंद्रात आधार प्रमाणीकरण करून घ्या.

इथे एक पेच पडतो. झाडाखालची फुटकी फळं लवकर उचलायला हवीत, आणि पाहणीला येणाऱ्याला ती दिसायलाही हवीत. यातून मार्ग असा की बगीच्याच्या वेगवेगळ्या भागांतली दहा झाडं निवडा, पाच मृगाची, पाच आंबियाची. त्यांना चुन्याचा पट्टा मारा आणि त्यांच्या खालचं काही हलवू नका. प्रत्येकाखाली पडलेली आणि वर राहिलेली फळं मोजून वहीत लिहा. तारीख, वेळ आणि ठिकाण उमटणारे फोटो काढा, निदान एका फोटोत बांध किंवा विहीर अशी ओळखीची खूण येऊ द्या. बाकी २६० झाडांखालची सफाई मग बिनधास्त सुरू करा.

आता माल. शिल्लक फळ हातात पडायचं असेल तर तोडणीची घाई हवी, पण ओल्या फळाला हात लावायची घाई नको. पाऊस आणि गारांनंतर संत्र्याची साल पाण्याने तट्ट फुगलेली असते. तशात फळ ओढलं, दाबलं की सालीतल्या तेलाच्या ग्रंथी फुटतात आणि ते तेल सालीलाच भाजतं. दोन-तीन दिवसांनी तिथे तपकिरी डाग उठतो आणि बाजारात त्या फळाला दुय्यम भाव मिळतो. म्हणून सकाळचं दव उडाल्यावर, अकराच्या पुढे, कोरड्या झाडाचीच तोडणी करा. फळ ओढू नका, कात्रीने देठाजवळ कापा.

तोडलेल्या फळांचे तीन ढीग करा. साल फुटून फोड दिसते ते फळ दोन-चार दिवसांत हिरव्या बुरशीने सडतं आणि क्रेटमधल्या शेजारच्या चांगल्या फळांना बरबाद करतं. ही बुरशी धडक्या सालीतून आत शिरू शकत नाही, तिला जखमच लागते, आणि गारेने ती दिलेली असते. हा ढीग रसवाल्याकडे त्याच दिवशी गेला तर ठीक, नाहीतर खड्ड्यात. दुसरा ढीग नुसती साल खरचटलेल्या फळांचा. तो गावात, काटोलच्या बाजारात, हातगाडीवाल्यांना लगेच विका, साठवू नका. तिसरा ढीग वरून धडधाकट दिसणाऱ्यांचा, आणि फसगत होते ती याच ढिगात. गारेचा मुका मार वरून दिसत नाही. सालीखालचा पांढरा भाग आतून दबलेला असतो आणि तो डाग वर यायला दीड-दोन दिवस लागतात. हे फळ तोडल्या दिवशीच नागपूरच्या कळमना बाजारात पाठवलं तर तिथे ढीग ओतल्यावर डाग दिसतात आणि पूर्ण गाडीचा भाव पडतो. म्हणून सावलीत, तणसावर, एकाच थरात दोन दिवस पसरून ठेवा, डागाळलेली वेचून काढा आणि उरलेली भरा.

कुजलेल्या फळांसाठी बगीच्याबाहेर तीन फूट खोल खड्डा करा. एक थर फळं, वर मूठ-दोन मूठ चुना, मग माती. बांधावर ओतलेला ढीग म्हणजे बुरशीला आणि फळमाशीला दिलेलं घर, आणि शेजारी तुमचाच आंबिया उभा आहे.

व्यापाऱ्याचं असं करा. सौदाचिठ्ठी असेल तर तिचा फोटो, इसार खात्यावर आला असेल तर त्याची नोंद, दोन्ही जपून ठेवा. मग त्याला मोबाईलवर लेखी निरोप पाठवा: माल सडतो आहे, अमुक तारखेपर्यंत येऊन पाहा आणि उचल करा, नाहीतर नुकसान आणखी वाढू नये म्हणून आम्ही तोडून विकू. दोन दिवसांची मुदत पुरे. तो आलाच तर जुना ठोक सौदा ताणण्यापेक्षा किलोवर बोला, तोडणी तुमची आणि वजन तुमच्या काट्यावर. अशा वेळी ठोक रकमेत फसतो तो बहुतेक शेतकरीच. इसाराचा हिशेब दोन माणसांसमोर आणि लेखी करा.

आता झाडं, आणि मामाजींचा प्रश्न. त्यांचा त्रागा समजण्यासारखा आहे, आठ वर्षं पोटच्या पोरासारखं वाढवलेलं असं उघडं बघवत नाही. पण आठ वर्षांचं झाड आत्ता कुठे भर उत्पन्नाला लागतंय आणि गारेने त्याची मुळं हललेली नाहीत. पानं झडलेलं झाड मेलेलं नसतं. खोड आणि जाड फांद्यांत साठवलेल्या अन्नावर ते महिन्याभरात नवती, म्हणजे नवी पालवी, काढतं. या वेळी अर्ध्यावर छाटणी केली तर तो साठाही कापून टाकल्यासारखं होतं. शिवाय पानांची सावली गेलेली असताना मार्च-एप्रिलचं नागपुरी ऊन थेट सालीवर पडतं, साल भाजून तडकते, आणि त्या भेगांतून शेंडेमर आणि डिंक्या हे रोग आत शिरतात. गारेने केलेल्या नुकसानापेक्षा अशा छाटणीने केलेलं नुकसान भरून यायला जास्त वर्षं लागतात.

मग आत्ता काय कापायचं? फक्त मोडून लोंबकळणारं आणि मधून चिरलेलं. जाड फांदी करवतीने वरून कापायला घेतली तर शेवटी ती स्वतःच्या वजनाने कोसळते आणि खोडाची हातभर साल सोलून नेते. आधी खालच्या बाजूने एक तृतीयांश काप द्या, मग चार बोटं पुढे वरून कापा, आणि उरलेला खुंट फांदीच्या बुडाशी जी फुगीर कड असते तिला धक्का न लावता काढा. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना करवत स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. बाकीच्या संशयास्पद फांद्यांवर नुसती रंगीत चिंधी बांधा आणि महिनाभर सोडून द्या.

जखमा शोधायला खालून बघून भागत नाही. एखादी आडवी फांदी डोळ्यांच्या पातळीवर वाकवा आणि तिच्या वरच्या अंगावरून तळहात फिरवा. बोटाच्या पेराएवढे लांबट खड्डे लागतात. काहींत साल फाटून आतलं पांढरट लाकूड दिसतं, काहींत साल जागेवरच असते पण दाबली की पोकळ वाटते. चार दिवसांत त्यांच्या कडा तपकिरी होतात. लाकूड उघडं पडलेल्या प्रत्येक जागी आणि प्रत्येक कापावर बोर्डो मलम लागायला हवं.

मलमाचं प्रमाण: मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १० लिटर. मोरचूद फडक्यात बांधून रात्रभर ५ लिटर पाण्यात लोंबकळत ठेवा, बादली प्लास्टिकची हवी, लोखंडाची नको. चुना वेगळ्या बादलीत थोड्या पाण्याने विझवून ५ लिटर करा आणि गाळून घ्या. चुना खडे असलेला घ्या. पाणी टाकल्यावर तो फसफसून तापला पाहिजे. दुकानात पडून भुकटी झालेला चुना निकामी असतो, आणि मलमाने झाड भाजण्याचं कारण बहुतेक वेळा हाच चुना असतो. दोन्ही गार झाल्यावर चुन्याच्या पाण्यात मोरचुदाचं पाणी हळूहळू ओता, काडीने ढवळत राहा. आकाशी रंग येतो. आता घासून स्वच्छ केलेला विळा त्यात मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं राहिलंय, चुन्याची निवळी थोडी-थोडी घालत थर यायचा थांबेपर्यंत पुन्हा तपासा. मलम त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी ते फाटतं आणि चिकटत नाही. जखमांबरोबर खोडालाही जमिनीपासून तीन फुटांपर्यंत लावा. पश्चिमेच्या ज्या फांद्या उघड्या पडल्यात त्यांना चुन्याचा पातळ पांढरा हात द्या, उन्हाचा चटका कमी बसतो.

कृषी केंद्राच्या चिठ्ठीतली सहा औषधं एकदम घेऊ नका, आणि एका टाकीत तर मुळीच मिसळू नका. दोन भागांना दोन वेगळ्या फवारण्या लागतात. मृगाच्या १५० झाडांवर तोडणी पूर्ण झाल्यावरच फवारायचं, विकायच्या फळावर औषध जाऊ द्यायचं नाही. तिथे कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला ३ ग्रॅम. झाडाला ६ लिटर धरले तर ९०० लिटर पाणी आणि २ किलो ७०० ग्रॅम औषध. आंबियाच्या १२० झाडांवर फुलं आहेत, म्हणून तांब्याचं औषध तिथे नको, नाजूक फुलांना आणि कळ्यांना ते भाजतं. त्याऐवजी कार्बेन्डाझिम लिटरला १ ग्रॅम, म्हणजे ७२० लिटरला ७२० ग्रॅम. ही फवारणी सूर्य मावळताना करा, मधमाश्या परतलेल्या असतात. फुलोऱ्यात मधमाशी मारणारं कोणतंही कीटकनाशक बगीच्यात नको. फवारणाऱ्याच्या तोंडावर मास्क आणि हातात मोजे असू द्या.

आंबिया गेला असं धरून चालू नका. संत्र्याला येणाऱ्या शंभर फुलांतून एरवीही दोन-चारच फळं टिकतात, त्यामुळे निम्मी फुलं झडली म्हणजे निम्मं पीक गेलं असा हिशेब होत नाही. पूर्वेकडच्या बाजूला आणि झाडाच्या आतल्या भागात पुष्कळ कळी शाबूत असेल. नवा बहार काढायला पुन्हा पाणी तोडून ताण देणं मात्र चूक, पानं गमावलेल्या झाडाला ते सोसत नाही. पाकळ्या गळून ज्वारीच्या दाण्याएवढं फळ दिसलं की १०० लिटर पाण्यात जिब्रेलिक ॲसिड १.५ ग्रॅम आणि युरिया १ किलो, अशी फवारणी करा आणि १५ दिवसांनी पुन्हा. जिब्रेलिक ॲसिड पाण्यात सरळ विरघळत नाही, आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवा. चिठ्ठीत त्याच्याऐवजी २,४-डी लिहिलं असेल तर टाळा. संत्र्यावर ते चालतं, पण वाऱ्याने उडालं की शेजारच्या हरभऱ्याची, आणि पुढे कपाशीची, पानं आकसतात, आणि त्या पंपाने दुसरं काही फवारायची सोय राहत नाही. तोडणी झालेल्या मृगाच्या झाडांना आठवडाभराने १३:००:४५ हे विद्राव्य खत लिटरला १० ग्रॅम द्या. बुंध्याशी युरियाची पोती रिकामी करू नका, पानंच नसतील तर ते खत उचलणार कोण?

पाण्याबद्दल. काळ्या जमिनीत गारांचं पाणी झाडाखाली साचून राहिलं असेल तर आजच उताराला चर काढा. डिंक्या आणि मूळकूज करणारा फायटोफ्थोरा पाण्यातूनच पसरतो. बुंध्याला पाणी लागू नये म्हणून आळं दुहेरी असावं, आतलं कोरडं आणि बाहेरचं ओलं. ठिबक रोजच्यासारखं सुरू करू नका. पानं कमी म्हणजे झाडाची तहान कमी. वीतभर खोल माती उकरून मुठीत दाबा. लाडू वळला तर पाणी बंद, फुटला तर नेहमीच्या निम्मं. जमीन थापटून घट्ट झाली असेल तर खुरप्याने दोन-तीन इंच हलवा. रोटाव्हेटर घालू नका, संत्र्याची खाणारी मुळं वरच्या थरातच असतात. बुंध्यातून डिंक ओघळताना दिसला तर तेवढी साल खरवडून मलम लावा आणि त्या झाडांच्या आळ्यात मेटालॅक्झिल-मॅन्कोझेब लिटरला २.५ ग्रॅम ओता. ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी) द्यायचा असेल तर त्यानंतर १५ दिवसांनी शेणखतात मिसळून, एकत्र दिलं तर औषध त्याचीच बुरशी मारतं.

विहिरीवर सौरपंप असेल आणि काच तडकली असेल तर उन्हात हात लावू नका. फुटक्या पॅनलमध्येही दिवसा वीज तयार होत असते. सूर्य मावळल्यावर स्विच बंद करून ताडपत्री झाका आणि पुरवठादाराकडे तक्रार नोंदवा. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतला पंप असेल तर पाच वर्षं दुरुस्ती आणि विमा योजनेतच धरलेला आहे.

पुढे मार्चमध्ये एक धोका येतो, त्याची तयारी आत्ताच ठेवा. मार खाल्लेलं झाड एरवीपेक्षा जास्त आणि कोवळी नवती काढतं, आणि सायला किडीला तीच हवी असते. कोवळ्या शेंड्यावर पिवळट पिल्लं आणि पांढऱ्या मेणासारखे दोरे दिसले की निंबोळी तेल लिटरला १० मिली, थोडा साबण घालून फवारा. जास्त कडक औषध फुलोरा पूर्ण संपल्यावरच. खोडावर सरळसोट उठणारे हिरवेगार पाणसोट हाताने मोडा. मात्र पश्चिमेकडे जिथे फांदीच गेली, तिथला एक जोमदार फुटवा राखा, वर्षा-दोन वर्षांत तीच जागा भरून निघते.

आणि चिंध्या बांधलेल्या फांद्या. मार्चच्या मध्यावर एखाद्या रविवारी, घरचे सगळे असताना, मामाजींना सोबत घेऊन बगीच्यात फिरा. प्रत्येक चिंधीजवळ नखाने साल थोडी खरवडा. खाली हिरवं आणि ओलसर लागलं तर चिंधी सोडा, फांदी राहू द्या. तपकिरी आणि कोरडं लागलं तर जिथे हिरवं लागतं तिथपर्यंत मागे येत जा, त्या हिरव्याच्या बोटभर आत काप द्या आणि लगेच मलम लावा. कोणतं झाड काढायचं, हे त्या दिवशी मामाजींनीच नखाने तपासून सांगू द्या.